छेद कोणी लहान केला?

शेअर बाजारावर लिहिणाऱ्या पंडितांनी गेल्या काही वर्षांत मध्यमवर्गाच्या हाती एक सोपी मोजपट्टी दिली आहे. कंपनीचा वर्षाचा निव्वळ नफा घ्यावा, त्याला भागधारकांच्या निधीने भागावे आणि येणारी टक्केवारी त्याच धंद्यातील इतर कंपन्यांच्या टक्केवारीशेजारी मांडावी. जिची टक्केवारी सरासरीच्या वर ती कंपनी कर्तबगार. जिची खाली ती सुस्त. या मापाला भागभांडवलावरील परतावा असे भारदस्त नाव आहे. भागाकार येणाऱ्या कोणालाही ते वापरता येते, त्यामुळे त्याचा प्रसारही झपाट्याने झाला आहे.

हे माप गुंतवणूकदाराच्या वहीपुरते राहिले असते तर कामगार चळवळीने त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु वहीतून निघालेले हे माप वाटाघाटींच्या टेबलावर येऊन बसते. धंद्याची सरासरी गाठायची असेल तर खर्च कापला पाहिजे, असे संचालक मंडळाला सांगितले जाते. आणि खर्च या शब्दाचा अर्थ काय, हे कामावरून कमी झालेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. डिस्ने कंपनीने फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेपाच अब्ज डॉलरच्या काटकसरीची घोषणा केली. त्याच दमात सात हजार नोकऱ्या रद्द केल्याचेही जाहीर केले. (अब्ज म्हणजे शंभर कोटी, पुढील आकडे वाचताना हे ध्यानी असावे.) म्हणून हे माप काय मोजते आणि काय लपविते, हे एका खऱ्या उदाहरणावरून पाहणे अगत्याचे आहे. अमेरिकेतील करमणुकीचा धंदा आणि त्यातील नेटफ्लिक्स ही कंपनी या कामासाठी सोयीची आहे. एक तर तिचे हिशेब उघडे आहेत. शिवाय ज्या २०२३ सालचे हिशेब येथे तपासायचे, त्याच साली हॉलिवूडचे लेखक आणि नट एकाच वेळी संपावर होते.

प्रथम पंडितांचेच गणित त्यांच्याच पद्धतीने करू द्यावे. २०२३ साली नेटफ्लिक्सचा निव्वळ नफा सुमारे ५.४१ अब्ज डॉलर होता आणि वर्षअखेरीस भागधारकांचा निधी सुमारे २०.५९ अब्ज. परतावा २६.३ टक्के. डिस्नेचे हिशेबी वर्ष सप्टेंबरअखेर संपते. त्या वर्षी तिचा नफा सुमारे २.३५ अब्ज आणि निधी सुमारे ९९.३ अब्ज, म्हणजे परतावा जेमतेम २.४ टक्के. वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीला ३.१ अब्जांचा तोटा झाला, निधी सुमारे ४५ अब्जांचा. परतावा उणे सात टक्क्यांच्या आसपास. पॅरामाउंट ग्लोबललाही सुमारे ६० कोटी डॉलरचा तोटा, निधी साडेबावीस अब्जांच्या घरात. परतावा उणे पावणेतीन टक्के. निकाल उघड दिसतो. एक विद्यार्थी पहिल्या वर्गात, एक काठावर आणि दोन नापास.

आता या चौघांची सरासरी काढू पाहावी. चारही टक्केवाऱ्यांची बेरीज करून चाराने भागले तर उत्तर पाच टक्क्यांच्या जरा खाली येते. चौघांचा नफातोटा एकत्र करून चौघांच्या एकत्रित निधीने भागले तर उत्तर दोन टक्क्यांच्या जवळ येते. धंदा तोच, वर्ष तेच, ताळेबंद तेच. तरीही धंद्याची सरासरी दुपटीहून अधिक बदलली. आणि नेटफ्लिक्सला वगळून उरलेल्या तिघांचा हिशेब केला तर सरासरी शून्याच्याही खाली जाते. ज्या सरासरीशी तुलना करून कंपन्यांना शाबासकी किंवा छडी द्यायची, ती सरासरी ज्या कंपनीला शाबासकी मिळणार तिच्याच आकड्यावर उभी आहे. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने असे उत्तर लिहिले तर त्याला परीक्षक गुण देणार नाही. अर्थपृष्ठावर मात्र त्याचा रंगीत तक्ता छापला जातो.

तथापि सरासरीचा घोळ हा या प्रकरणातील किरकोळ भाग आहे. खरा प्रश्न अपूर्णांकाच्या खालच्या मजल्यावर आहे. नफा किती झाला यावर सारे भांडतात. तो ज्याने भागायचा त्या निधीकडे कोणी वळून पाहत नाही. शाळेतील मुलालाही ठाऊक असते की अपूर्णांक मोठा करण्याचे दोन मार्ग आहेत. अंश वाढवावा किंवा छेद घटवावा. पहिल्या मार्गासाठी काही तरी निर्माण करावे लागते. दुसऱ्यासाठी संचालक मंडळाचा एक ठराव पुरतो.

नेटफ्लिक्सच्या ताळेबंदात २०२२ च्या अखेरीस भागधारकांचा निधी सुमारे २०.७८ अब्ज डॉलर होता. पुढल्या वर्षी कंपनीने ५.४१ अब्ज नफा मिळविला. साध्या व्यवहारात नफा झाला की निधी वाढतो. येथे वर्षअखेरीस तो २०.५९ अब्जांवर आला, म्हणजे किंचित घटलाच. मग नफा गेला कोठे? त्या एका वर्षात कंपनीने स्वतःचेच शेअर बाजारातून परत विकत घेण्यासाठी सहा अब्ज डॉलरहून थोडी अधिक रक्कम खर्च केली होती. वर्षभराचा सगळा नफा आणि वर आणखी थोडे पैसे भागधारकांच्या हाती परत गेले. ही पुनर्खरेदी झाली नसती तर, व्याजाचा बारीक हिशेब सोडून, निधी साडेसव्वीस अब्जांच्या वर राहिला असता आणि परतावा २६ ऐवजी २० टक्के दिसला असता. २०२४ मध्ये नफा ८.७१ अब्जांवर गेला, परतावा ३५ टक्के झाला आणि जिकडेतिकडे कौतुक झाले. त्याही वर्षी सव्वासहा अब्जांची पुनर्खरेदी झाली होती. दोन्ही वर्षांच्या पुनर्खरेद्या बाजूला ठेवल्या तर ३५ चे साडेतेवीस होतात.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. पुनर्खरेदी वगळूनही परतावा २० वरून साडेतेवीसवर चढला, म्हणजे नफा खरोखर वाढला होता. एका घराचा परवलीचा शब्द दुसऱ्या घराने वापरण्याची सवलत कंपनीने २०२३ मध्ये मोडून काढली, ग्राहक वाढले, दर वाढविले आणि जगभर एकच यंत्रणा चालविण्याचा फायदा तिने पदरात पाडून घेतला. हे नाकारण्यात चळवळीचा लाभ नाही. प्रश्न इतकाच आहे की ३५ या आकड्यातील जवळजवळ एक तृतीयांश भाग कोणत्याही पटकथेतून, कोणत्याही छायालेखकाच्या कौशल्यातून किंवा कोणत्याही व्यवस्थापकाच्या दूरदृष्टीतून आलेला नाही. तो केवळ छेद घटल्यामुळे आला.

डिस्नेची गोष्ट याच्या नेमकी उलट. २०१९ मध्ये तिने ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी फॉक्सचा मोठा भाग सुमारे ७१ अब्ज डॉलरना घेतला. अशा खरेदीत प्रत्यक्ष मालमत्तेच्या किमतीपेक्षा जे अधिक मोजले जाते ते ताळेबंदात ख्याती म्हणून लिहितात. व्यापारी मंडळी त्याला गुडविल म्हणतात. २०२३ मध्ये डिस्नेच्या पुस्तकांत अशी ख्याती सुमारे ७७ अब्ज डॉलरची होती. ही रक्कम छेदात बसल्यावर कितीही नफा केला तरी टक्केवारी केविलवाणीच दिसणार. ख्याती वजा करून तोच भागाकार केला तर २.४ टक्क्यांचे साडेदहा टक्के होतात. याचा अर्थ डिस्ने गुपचूप कर्तबगार आहे असा नव्हे. एका कंपनीच्या मालकांनी पैसे बाहेर काढून छेद आटविला आणि दुसरीच्या मालकांनी चढ्या भावाने कंपन्या विकत घेऊन तो फुगविला, आणि या दोन कृत्यांमधील फरक तक्त्यात कार्यक्षमतेचा फरक म्हणून छापला गेला. दोन्ही निर्णयांशी डिस्नेच्या त्या सात हजार माणसांचा काडीचा संबंध नव्हता. पुढे २०२५ मध्ये डिस्नेचा नफा बारा अब्जांच्या वर गेला तेव्हाही त्यातील तीन अब्जांहून अधिक रक्कम हूलू कंपनीच्या करविषयक वर्गीकरणात बदल झाल्याने कागदोपत्री आलेली होती. अंशही असा अधूनमधून आकाशातून पडतो.

वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरीचा मासला तर संग्रही ठेवण्याजोगा आहे. २०२४ मध्ये या कंपनीने आपल्या दूरचित्रवाणी वाहिन्यांच्या ख्यातीपैकी ९.१ अब्ज डॉलर एकदम निर्लेखित केले, म्हणजे ते पैसे बुडाले असे लिहून टाकले. त्या वर्षीचा तोटा ११ अब्जांच्या वर गेला आणि भागधारकांचा निधी ४५ अब्जांवरून ३४ अब्जांवर उतरला. त्या वर्षापुरती टक्केवारी भयंकर दिसली. परंतु पुढे काय होते? एक अब्ज डॉलर नफा ४५ अब्जांवर २.२ टक्के असतो. तोच नफा ३४ अब्जांवर २.९ टक्के होतो. चूक कबूल करताच पुढील सगळ्या वर्षांची प्रकृती सुधारते. शेतकऱ्याने बुडीत पीक वहीत लिहिले म्हणून पुढल्या वर्षी त्याच्या बैलांची किंमत वाढत नाही. कंपनीच्या वहीत मात्र असे घडते. याच कंपनीने ऑगस्ट २०२२ मध्ये ‘बॅटगर्ल’ हा जवळजवळ पुरा झालेला चित्रपट प्रदर्शित न करताच कपाटात बंद केला, आणि करातील सवलत हे त्याचे एक कारण असल्याचे त्या वेळी सर्वत्र सांगितले गेले. शेकडो कारागिरांचे काम लोकांसमोर येण्यापेक्षा बुडीत खाती लिहिले जाणे अधिक फायद्याचे ठरावे, अशी ही हिशेबाची तऱ्हा. डिसेंबर २०२५ मध्ये याच कंपनीसाठी नेटफ्लिक्स आणि पॅरामाउंट-स्कायडान्स या दोघांनी बोली लावल्या, तेव्हा वृत्तपत्रांतील चर्चा पुन्हा याच टक्केवाऱ्यांभोवती फिरत राहिली.

जलशांच्या आणि तिकिटांच्या धंद्यातील लाइव्ह नेशन या कंपनीचे नाव ओघात घेतले पाहिजे. २०२३ मध्ये तिला भरघोस नफा झाला. पण तिचा भागधारकांचा निधी शून्याच्या आसपास घुटमळत होता. शून्याने भागाकार करता येत नाही हे गणिताने सांगून ठेवले आहे. तरीही अशा कंपनीच्या परताव्याची तुलना धंद्याच्या सरासरीशी करणारे लेख निघतात. तिची उपकंपनी टिकिटमास्टर हिने तिकीटविक्रीत मक्तेदारी चालविल्याचा आरोप करून अमेरिकेच्या न्याय खात्याने मे २०२४ मध्ये तिच्यावर खटला भरला, हे त्या लेखांत सहसा तळटीपेत असते.

कंपनीने स्वतःचेच शेअर विकत घेण्याची ही प्रथा निसर्गनियमाने आलेली नाही. अमेरिकेत १९८२ पूर्वी असे करणाऱ्या कंपनीवर भाव कृत्रिमपणे चढविल्याचा आरोप येण्याचे भय होते. त्या वर्षी रोखे बाजाराच्या नियामक आयोगाने एक नियम करून, ठरावीक मर्यादा पाळल्यास असा आरोप लागणार नाही, असे अभय दिले. तेव्हा अध्यक्षपदी रोनाल्ड रेगन होते. हेच रेगन १९६० मध्ये हॉलिवूडच्या नटसंघटनेचे अध्यक्ष होते आणि त्या वर्षी त्यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या संपातून नटांना चित्रपट दूरचित्रवाणीवर पुन्हा दाखविला गेल्यास मानधन मिळण्याचा हक्क व निवृत्तिवेतन निधी मिळाला होता. एकाच माणसाच्या आयुष्यात हे दोन्ही घडले! भारतातही १९५६ च्या कंपनी कायद्याने स्वतःचे शेअर घेण्यास जवळजवळ मज्जाव होता. ते दार ऑक्टोबर १९९८ च्या वटहुकमाने आणि १९९९ च्या दुरुस्तीने उघडले. अमेरिकेने २०२३ पासून पुनर्खरेदीवर एक टक्का कर बसविला आहे. सहा अब्जांवर एक टक्का म्हणजे सहा कोटी. त्याने कोणाचा हात आखडला असे दिसत नाही.

आता अंशाकडे यावे. नेटफ्लिक्सच्या ताळेबंदात २०२३ अखेर एकूण मालमत्ता सुमारे ४८.७ अब्ज डॉलरची होती. तीत इमारती किती, यंत्रे किती? फारच थोडी. ४८.७ पैकी सुमारे ३१.७ अब्ज हे चित्रपट आणि मालिका आहेत. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश मालमत्ता ही लेखक, नट, दिग्दर्शक, संकलक, वेषभूषाकार आणि दिवे उचलणारे मजूर यांनी करून ठेवलेले काम आहे. मार्क्सने ज्याला मृत श्रम म्हटले तो शोधण्यासाठी एरवी पोलादाच्या कारखान्यात जावे लागते. येथे तो ताळेबंदाच्या एका ओळीत स्वच्छ लिहिलेला आहे. हे काम किती वर्षांत खर्ची टाकायचे हेही कंपनीच ठरविते. आपल्या बहुतेक कार्यक्रमांची नव्वद टक्क्यांहून अधिक किंमत प्रथम दाखविल्यापासून चार वर्षांत पुस्तकातून उतरते, असे ती आपल्या अहवालात सांगते. पैसा मात्र आधीच गेलेला असतो. २०१९ मध्ये कंपनीने १.८७ अब्जांचा नफा दाखविला, आणि त्याच वर्षी तिच्या तिजोरीतून आलेल्या रकमेपेक्षा सुमारे ३.३ अब्ज डॉलर अधिक बाहेर गेले. ती तूट कर्जरोख्यांनी भागविली. यात बेकायदा काही नाही. नफा ही नाण्यांसारखी मोजता येणारी वस्तू नसून काळाविषयी केलेले एक अनुमान आहे, एवढेच यातून ध्यानात घ्यायचे.

चार वर्षांनी पुस्तकात ज्या मालिकेची किंमत जवळजवळ शून्य उरते ती मालिका पाहणारे मात्र पाहतच असतात. जुन्या दूरचित्रवाणीत पुनःप्रसारण झाले की लेखकाला आणि नटाला त्याप्रमाणे पैसे मिळत. नव्या व्यवस्थेत एकदाच ठरावीक रक्कम, मग ती मालिका हजार माणसांनी पाहिली काय आणि दहा कोटींनी पाहिली काय. कोरियातील ‘स्क्विड गेम’ या मालिकेचा पहिला भाग सुमारे २ कोटी १४ लक्ष डॉलरमध्ये तयार झाला. ब्लूमबर्ग वृत्तसंस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये उघड केलेल्या कंपनीच्या अंतर्गत कागदांनुसार तिच्यापासून कंपनीला होणाऱ्या लाभाचे मोल कंपनीनेच ८९ कोटी डॉलरच्या वर धरले होते. लेखक-दिग्दर्शक ह्वांग डोंग-ह्योक यांनी त्या सुमारास मुलाखतीत सांगितले की आपल्याला मूळ करारातील रक्कम मिळाली, बक्षिसी नाही. त्या कामाच्या ताणाने त्यांचे काही दातही पडले होते. परताव्याच्या टक्केवारीत दातांची नोंद कोठे होते, ते पंडितांनी सांगावे.

२०२३ चा संप याच प्रश्नावर झाला. लेखकांच्या संघटनेचे सुमारे साडेअकरा हजार सभासद २ मेपासून १४८ दिवस कामावर गेले नाहीत. १४ जुलैपासून एक लक्ष साठ हजार सभासदांची नटसंघटनाही ११८ दिवस संपावर होती. दोन्ही संघटना एकाच वेळी रस्त्यावर येण्याचा प्रसंग १९६० नंतर प्रथमच आला होता. नट म्हटले की वाचकांच्या डोळ्यांपुढे श्रीमंत तारा येतो. वस्तुतः वर्षाला सुमारे साडेसव्वीस हजार डॉलर मिळविणाऱ्यालाच संघटनेच्या योजनेतून आरोग्यविमा मिळे, आणि बहुसंख्य सभासदांना ती मर्यादा गाठता येत नव्हती. लेखकांपैकी किमान वेतनावर काम करणाऱ्यांचे प्रमाण दूरचित्रवाणी मालिकांत २०१३-१४ मध्ये एक तृतीयांश होते, ते २०२१-२२ पर्यंत निम्म्यावर आले, असे त्यांच्या संघटनेने प्रसिद्ध केले होते.

त्यांची मागणी किती रकमेची होती? लेखक संघटनेच्या हिशेबाने साऱ्या कंपन्या मिळून वर्षाला सुमारे ४२ कोटी ९० लक्ष डॉलर. कंपन्यांचा देकार होता सुमारे ८ कोटी ६० लक्षांचा. मागणीतील नेटफ्लिक्सचा वाटा संघटनेने सुमारे ६ कोटी ८० लक्ष डॉलर दाखविला होता. आता पंडितांचीच मोजपट्टी पुन्हा हाती घ्यावी. ही संपूर्ण रक्कम नेटफ्लिक्सने एका शब्दाने मान्य केली असती आणि ती सगळीच्या सगळी नफ्यातून गेली असती, तर २६.३ टक्क्यांचा परतावा २६ टक्क्यांच्या आसपास आला असता. एक तृतीयांश टक्क्याचाही पुरता फरक नाही. उलट त्याच वर्षाच्या पुनर्खरेदीने तो आकडा सहा टक्क्यांनी चढविला. ज्या कंपनीला लेखकांचे ६ कोटी ८० लक्ष जड जात होते ती कंपनी त्याच वर्षी स्वतःच्या शेअरवर त्याच्या जवळजवळ नव्वदपट रक्कम खर्चीत होती. इतकेच नव्हे, तर जुलै २०२३ मध्ये तिने भागधारकांना कळविले की वर्षाअखेर हाती उरणारी रोख रक्कम आधीच्या साडेतीन अब्जांच्या अंदाजाऐवजी किमान पाच अब्ज असेल. चित्रीकरणे लांबणीवर पडल्याने व संपामुळे कार्यक्रमांवरील खर्च कमी होणार, हे तिने त्याचे कारण म्हणून दिले होते. ऑक्टोबरात अंदाज साडेसहा अब्जांवर गेला. संपकऱ्यांच्या रिकाम्या चुली हे कंपनीच्या तिजोरीत शिल्लक म्हणून जमा होत होते.

‘नेटफ्लिक्स देऊ शकत होती, पण तोट्यातल्या कंपन्यांचे काय?’ असा आक्षेप येईल, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तोट्यातील कारखाना बंद पडला तर पहिला बळी कामगाराचाच जातो. मुंबईच्या गिरणगावाने ते पाहिलेले आहे. म्हणून वॉर्नरचाच आकडा घ्यावा. मागणीतील तिचा वार्षिक वाटा संघटनेने सुमारे ४ कोटी ७० लक्ष डॉलर दाखविला होता. तीन अब्जांहून अधिक तोट्याच्या त्याच २०२३ सालात तिचे मुख्याधिकारी डेव्हिड झास्लाव यांचे एकूण वेतन ४ कोटी ९७ लक्ष डॉलर होते. हजारो लेखकांना द्यायचे ते एका माणसाला देण्याइतके पैसे तोट्यातही होते. सप्टेंबरअखेर तडजोड झाली तेव्हा लेखकांच्या पदरी, त्यांच्याच संघटनेच्या अंदाजाने, वर्षाला २३ कोटी ३० लक्ष डॉलर पडले. देकाराच्या जवळजवळ तिप्पट, मागणीच्या निम्म्याहून थोडे अधिक. कोणत्याही कंपनीचे त्याने दिवाळे वाजले नाही.

या विषयावर चळवळीतील काही मंडळींचीही कानउघाडणी करणे आवश्यक आहे. ताळेबंद हे भांडवलदारांचे मायाजाल, त्याकडे पाहायचेच कशाला, अशी एक वृत्ती कार्यकर्त्यांत आढळते. तिच्या उलट टोकाला, परतावा ३५ टक्के म्हणजे शोषणाचा दर ३५ टक्के असे सभेत ठोकून देणारे उत्साही वक्तेही आढळतात. दोघेही मालकाच्या सोयीचेच वागतात. मार्क्सचा नफ्याचा दर गुंतविलेल्या सगळ्या भांडवलावर काढलेला आहे. हा परतावा केवळ मालकाच्या हिश्श्यावर काढतात, कर्जाऊ भांडवल त्यातून वगळतात. नेटफ्लिक्सवर २०२३ अखेर सुमारे साडेचौदा अब्जांचे कर्ज होते. ते छेदात येतच नाही. शोषणाचा दर तर वेतनाच्या प्रमाणात काढायचा असतो, आणि वेतनाचा आकडा या अपूर्णांकात कोठेच नाही. म्हणून पुनर्खरेदी करून कंपनीने परतावा वाढविला तर शोषण वाढले असे सिद्ध होत नाही, आणि ख्यातीच्या भाराखाली परतावा दबला तर शोषण थांबले असेही होत नाही. डिस्नेतील २.४ टक्के हे त्या सात हजारांच्या दृष्टीने सौम्य भांडवलशाहीचे लक्षण मुळीच नव्हते. कामगारांच्या मालकीची नाट्यसंस्था किंवा चित्रपटसंस्था उद्या उभी राहिली तरी तिलाही वर्षाअखेर शिल्लक लागेल, जुने दिवे बदलावे लागतील, पुढल्या नाटकाची तजवीज करावी लागेल. तेव्हा वह्या वाचता येणारी माणसे चळवळीत आजच तयार व्हायला हवीत.

हॉलिवूडच्या लेखकांकडे ती होती. कोणत्या कंपनीवर किती बोजा पडेल आणि तो तिच्या उत्पन्नाच्या किती टक्के, हे त्यांनी नाव घेऊन छापले. नेटफ्लिक्सच्या भागधारकांना पत्र पाठवून अधिकाऱ्यांच्या वेतनाविरुद्ध मत देण्याचे आवाहन केले, आणि जून २०२३ मध्ये भागधारकांनी, ते मत बंधनकारक नसले तरी, ते वेतन नाकारलेही. तडजोडीत त्यांनी आणखी एक गोष्ट मिळविली. कंपन्यांनी खर्चीक मालिका किती तास पाहिल्या गेल्या याचे आकडे संघटनेला गोपनीयतेच्या अटीवर दिले पाहिजेत, आणि देशातील वीस टक्के ग्राहकांइतक्या प्रेक्षकांनी पहिल्या नव्वद दिवसांत पाहिलेल्या मालिकेच्या लेखकाला अधिक मानधन दिले पाहिजे. त्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये नेटफ्लिक्सने सुमारे अठरा हजार कार्यक्रमांचा, सहा महिन्यांच्या जवळजवळ शंभर अब्ज तासांचा तक्ता आपण होऊन प्रसिद्ध केला. आजवर जे व्यापारी गुपित म्हणून राखले होते ते उघड केल्याने तिचा धंदा बुडाला नाही.

मुंबईतील चित्रपट-लेखकांना हा इतिहास परका नाही. २०१२ च्या दुरुस्तीने भारताच्या स्वामित्वहक्क कायद्यात लेखक-गीतकार-संगीतकारांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावरील रॉयल्टीत समान वाटा मिळाला, आणि तो हक्क कराराने सोडून देता येणार नाही असेही कायद्यात लिहिले गेले. परंतु संपाच्या बळावर मिळविलेला आणि साऱ्या कंपन्यांना बांधणारा अमेरिकेसारखा सामूहिक करार मुंबईत नाही. समान वाटा कशाचा, हे ठरविण्यासाठी मालिका किती तास पाहिली गेली, तिची किंमत पुस्तकातून किती वर्षांत उतरविली आणि तिच्यापासून किती उत्पन्न धरले, हे आकडे लेखकाच्या हाती लागतात. अंधेरीच्या कचेऱ्यांत करारावर सही करताना ते विचारले गेले पाहिजेत, आणि ते विचारणारा एकटा लेखक असता कामा नये. त्याच्या शेजारी त्याची संघटना आणि संघटनेचा हिशेबनीस बसलेला असला पाहिजे.